मशीन माझ्या खिशात होतं

फोंड्याला एका नोटरीच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं टायपिंग करतोय. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. मजकूर तोच. ‘मी खाली सही करणार, वय अमुक, राहणार तमुक, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाखाली न येता...’ सगळं इंग्रजीत. खाली आणखी एक ओळ असते: मजकूर सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला आणि त्याला तो समजला. कधी खरंच वाचून दाखवतो. कधी बाहेर बाकावर अकरा माणसं ताटकळत असतात आणि साहेबांना साडेबाराला कोर्टात जायचं असतं.

हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी डॉक्टर-नर्स लोकांबद्दल बोलणार आहे.

आमच्या गोव्यात सहीला भारी मान. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून आली आणि तिचं हाडपेर अजून टिकून आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र. त्यामुळे जमीन विकायची तर जोडीदाराची सही हवीच. सावईवेऱ्याला आमचं थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. त्यातला एक पट्टा वाटेसाठी द्यायचा ठरला, तेव्हा आईची सही, माझी, माझ्या बायकोची, दादाची आणि वहिनीचीही. वहिनीने ते कुळागर उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलंय, त्यातलं एकदा लग्नानंतर नारळ ठेवायला. तरी तिच्यासाठी वास्कोहून गाडी करून आणली. आईला तर सब-रजिस्ट्रारनी समोर बसवून विचारलं, तुमची राजीखुशी आहे ना? आई म्हणाली, राजी आहे, खुशी नाही. सगळे हसले. तिने सही केली.

त्याच आईच्या खुब्यात धातूचा सांधा बसवायचा ठरलं तेव्हा तिची सही कोणी मागितली नाही. मीसुद्धा नाही.

तीन वर्षं झाली. आषाढातली गोष्ट. माशेलला चिखलकाल्याची गर्दी होती आणि आमच्याकडे पावसाने मागच्या पायरीच्या चिऱ्यावर शेवाळ धरलं होतं. आई तुळशीला पाणी घालायला गेली (भर पावसात तुळशीला पाणी कशाला, हे विचारायचं नाही) आणि आडवी झाली. खाजगी हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत नर्सने माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. तीत दोन बांगड्या, कुड्या, चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन. मशीन महागाचं, म्हणून मी ते पिशवीतून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग डॉक्टर आले. बरे होते माणूस म्हणून, घाईत होते. खुब्याचं हाड मोडलंय, अर्धा सांधा बदलावा लागेल, उशीर केला तर अंथरुणाला खिळतील, छातीत कफ होईल. हे त्यांनी चार मिनिटांत सांगितलं आणि मला सांगितलं. आई ट्रॉलीवर, माझ्या हाताच्या अंतरावर. टक्क जागी. डॉक्टर बोलले की त्यांच्या तोंडाकडे बघायची, मी बोललो की माझ्या. नर्सने पॅड पुढे केलं. एक सही ऑपरेशनसाठी, एक भूल द्यायची, एक रक्त चढवावं लागलं तर. नाव, सही, नातं: मुलगा. तीन सह्या मी सराईतपणे ठोकल्या. माझं कामच ते.

ट्रॉली आत गेल्यावर पाणी प्यायला वाकलो, तेव्हा खिशातून मशीन खाली पडलं.

ऑपरेशन चांगलं झालं, ते सांगायला हवं. ते करायचंच होतं आणि विचारलं असतं तर आई हो म्हणाली असती, याची मला खात्री आहे. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

दुसऱ्या रात्री तिला भ्रम झाला. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर होतो, चार दिवसांत बहुधा ओसरतो, हे मला नंतर कळलं. तिला वाटत होतं ती माहेरी आहे आणि कोणीतरी गोठा उघडा टाकलाय. पहाटे गेलो तर दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधलेली. सलाईन ओढत होत्या, रात्री आम्ही दोघीच होतो, असं सिस्टर म्हणाली. खोटं नव्हतं ते. वॉर्डात वीसेक खाटा होत्या. अंगावरचा हिरवा झगा पाठीमागून उघडा, पडदा अर्धा. मी पट्ट्या सोडल्या, मशीन कानात घातलं. मशीन आधी शिट्टी वाजवतं, मग स्थिरावतं. तिने मनगट चोळलं आणि पहिलं विचारलं ते असं: “सय कोणें केली?”

मी म्हटलं, मी.

“बरें केलें,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

महिनाभराने साहेबांना, म्हणजे आमच्या नोटरीवकिलांना, सहज विचारलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहलींचा निकाल सांगितला. त्या नुसत्या दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेल्या होत्या. भुलीत असतानाच बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, समजदार आहे, तेवढ्यापुरती बेशुद्ध आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं. मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. आईची संमती ही तिची संमती नव्हे. “मग माझ्या तीन सह्या?” मी विचारलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “तुझी आई जागी होती ना? मग त्या सह्यांचा अर्थ इतकाच, की बिल कोण भरणार.”

आणि हात बांधण्याबद्दल म्हणाल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णालयासाठी नियम आहेत. दुसरा इलाजच नसेल आणि तत्काळ इजेचा धोका असेल तरच बांधायचं, तेही प्रमुख मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, गरजेपेक्षा मिनिटभरही जास्त नाही. म्हणजे बांबोळीच्या मनोरुग्णालयात आईला बांधायचं झालं असतं तर कुणाला तरी त्याचा कागद करावा लागला असता. हाडांच्या वॉर्डात बँडेजची पट्टी पुरते.

माझी भाची इंग्लंडात स्विंडनला असते. गोव्यातली किती पोरं तिथे आहेत, विचारू नका. तिच्या बाबांची जन्मनोंद लिस्बनला करायचे कागद माझ्याच टेबलावरून गेले, मग पोर्तुगीज पासपोर्ट, मग इंग्लंड. ती एका वृद्धाश्रमात काम करते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, “मामा, इथे आल्याआल्या मला पहिला ओरडा बसला तो साखरेवरून.”

तिच्याकडे एक मधुमेही आजोबा होते. चहात दोन चमचे साखर मागायचे. आपली गोव्याची पोर, हिने मायेने गुपचूप गोळीची साखर घालायला सुरुवात केली. सुपरवायझरने बाजूला घेऊन विचारलं, साखरेने काय होतं ते त्यांना कळतं का? कळतं. लक्षात राहतं? राहतं. मग चमचे दोन. फसवून द्यायचं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ चा यासाठीचा वेगळा कायदाच आहे. उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक सज्ञान माणसाला निर्णयक्षमता आहे असंच धरून चालायचं. नाही म्हणण्याआधी त्याला समजावं म्हणून शक्य ती सगळी मदत करायची. आणि निर्णय वेडगळ वाटला एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. शिवाय क्षमता ही एकगठ्ठा मोजायची नसते. पेन्शनचा हिशेब जमत नसेल, पण कुठला सदरा घालायचा ते जमत असेल. सकाळी जमेल, संध्याकाळी नाही. खरोखरच जमत नसेल तर दुसऱ्याने ठरवायचं, पण त्या माणसाच्या हिताचं, त्याच्या आवडीनिवडी विचारात घेऊन आणि कमीत कमी बंधन घालून.

“म्हणजे स्वर्गच,” मी म्हटलं.

“कसला स्वर्ग, मामा. रात्रपाळीला माणसं कमी. फॉर्मवर टिक मारून मोकळे होणारे इथेही आहेत.”

शेवटचं ऐकून मला माझी ती ‘वाचून दाखवला आणि समजला’वाली ओळ आठवली. बोललो नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्यातली, ती तिच्याशी बोलताना नीट उलगडली. महिन्यातून एकदा तरी कोणी येतो आणि म्हणतो, बाबांना आता काही आठवत नाही, तेव्हा मुखत्यारपत्र करून द्या. गाडीत बाबा बसलेले असतात, अंगठ्याला शाई लावायला तयार. त्यांना सांगावं लागतं की गाडी उशिरा आणलीत. मुखत्यारपत्र देणारा शुद्ध बुद्धीचा असावा लागतो. आणि वेळेवर केलेलं असलं तरी पुढे त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही, की आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच कागद रद्दी. इंग्लंडमध्ये शाबूत असताना करून ठेवलेलं असं पत्र पुढेही टिकतं, औषधपाण्याच्या निर्णयांसाठीसुद्धा वेगळं करता येतं. इथे तशी सोय नाही. शाईचा पॅड बंद करताना लोक माझ्याकडे असं बघतात, जणू कायदा मीच केलाय.

आता या वर्षाचं. आई ब्याऐंशीची. विसरणं वाढलंय, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून लिहून दिलंय. दुपारी जेवली ते चार वाजता आठवत नाही. १९६१ च्या डिसेंबरात विमानांचा आवाज ऐकून आजोबांनी सगळ्यांना सुपारीच्या खोलीत कसं कोंडलं ते तपशीलवार आठवतं. त्यात मार्चमध्ये किडनी. दहा टक्क्यांवर आली आहे म्हणाले. डायलिसिस सुरू करायचं का ते ठरवा.

“ठरवा” हे पुन्हा मला उद्देशून. पण या खेपेची डॉक्टर तरुण मुलगी होती, पेडण्याकडची असावी बोलण्यावरून. मी म्हटलं, जरा थांबा, आणि आईच्या मशीनची बॅटरी बदलली. चष्मा घातला. त्या पोरीने खुर्ची ओढून आईच्या समोर घेतली, माझ्याकडे पाठच केली, आणि कोकणीत सुरू झाली. आठवड्यातून तीनदा यावं लागेल, दर खेपेला चारेक तास. रक्त बाहेर काढून यंत्रात गाळून परत सोडायचं. कायमचं. केलं तर सूज, धाप कमी होईल, आयुष्य थोडं वाढेलही, पण या वयात किती ते छातीठोक सांगता येत नाही, थकवा पुष्कळ येतो. नाही केलं तर गोळ्या आणि पथ्यावर जमेल तेवढं, आणि त्रास कमी व्हावा म्हणून औषधं. शेवटी किडनी थांबेल.

मग म्हणाली, “आजी, आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं.”

आईने पदर सावरला, शाळेत उठून उभी राहावी तशी. तीनदा. चार तास. रगत धुवपाचें. मरेसर. “आणि केलें ना जाल्यार मरतलें.” डॉक्टर म्हणाली, हो. “केलें जाल्यारूय मरतलें.” डॉक्टर थोडं थांबून म्हणाली, हो.

“माका नाका.”

का नको, तर गाडी लागते. सावईवेऱ्याहून वळणावळणाच्या रस्त्याने येताना उलटी होते. तीनदा येणं, तीनदा जाणं, म्हणजे आठवड्याला सहा उलट्या. हिशेब तिने बरोबर केला होता.

मला काय वाटलं ते लिहितो. संताप आला. गाडी लागते म्हणून कोणी जीव सोडतं का? उलटीची गोळी मिळते. बांबोळीजवळ खोली घेऊन राहू. काहीतरी भारदस्त कारण दिलं असतं, झालं आता जगून, देवाघरी जायचंय, असलं काही, तर मी डोळे पुसत मान हलवली असती. उलटी या कारणाला मान हलत नव्हती. भाचीच्या आजोबांची साखर ऐकून मी शहाण्यासारखा ‘वा’ म्हटलं होतं. स्वतःच्या आईच्या बाबतीत तेच कडू लागलं.

दादाचा वास्कोहून फोन. “तिला काय कळतंय? काल मला बाबांच्या नावाने हाक मारली. तू सही कर आणि सुरू कर.” दादा वाईट नाही. तो घाबरला की हुकूम सोडतो, बंदरावर चाळीस वर्षं तेच केलं. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नव्हतं. सांगितलेलं ती तेव्हा बरोबर परत म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात गेल्याचंच आठवत नव्हतं. विसरलेला नकार हा नकार असतो का?

डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, पुन्हा विचारा. चांगल्या वेळेला, एकटी असताना, एका वेळी एकच गोष्ट. उत्तर दरवेळी तेच येतं का बघा.

मग मी टायपिस्टाला सुचेल तेच केलं. दोनशे पानी वही घेतली. सकाळी पेज झाल्यावर आई पडवीत बसते, सुपारी सोलणाऱ्या बायका यायच्या आधी तिचं डोकं सर्वांत स्वच्छ असतं. मशीन, चष्मा, कवळी. सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि विचारायचं. तारीख, वेळ, तिचे शब्द जसेच्या तसे.

पहिल्या सकाळी: “नाका. वाटेर ओंकारे येतात.” दुसऱ्या सकाळी काहीच नाही, ती कावळ्याकडे बघत राहिली, मी पुढे विचारलं नाही. तिसऱ्या सकाळी: “इतलें धुवून कितें मेळटलें?” चौथ्या सकाळी ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तुका कितें जाय? तुका जाय तें कर.” म्हणजे, तुला काय हवं? तुला हवं ते कर.

या उत्तरावर मी अडकलो. वहीत लिहिलं आणि अर्धा तास तसाच बसलो. दादा म्हणाला, झालं, हो म्हणाली ना? पण आई आयुष्यभर हेच म्हणत आली. बाबांनी म्हैस विकली तेव्हा हेच. घराची कौलं काढून स्लॅब घातला तेव्हा हेच, आणि दहा वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात उकडतंय म्हणून टोमणे मारले. ‘राजी आहे, खुशी नाही’. माझ्या बायकोने मात्र वेगळंच सांगितलं. “तुम्ही रोज विचारताय ना, तिला वाटलं तुम्हाला दुसरं उत्तर हवंय.” हवं होतंच.

त्यानंतर मी विचारणं थांबवलं. डॉक्टरकडे वही घेऊन गेलो, तिने सगळी पानं वाचली, फाइलला त्याच्या प्रती लावल्या, आणि डायलिसिसशिवायचे उपचार सुरू केले. दादाने माझ्याशी तीन आठवडे अबोला धरला. चतुर्थीला आला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना बोलायला लागला, विषय सुपारीच्या दराचा.

मधल्या काळात ऑफिसात एक नवा मसुदा तयार करून ठेवलाय. आधीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र, लोक लिव्हिंग विल म्हणतात ते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कोणी फिरकत नव्हतं. २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असं झालं, साक्षीदार दोन. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं केलं, गोव्यातलं पहिलं. आईसाठी त्याची वेळ टळून गेली होती असं मला वाटतं. साहेबांचं मत वेगळं आहे. मी माझं केलं. ‘पूर्ण शुद्धीवर असून’ टाइप करताना बोटं पहिल्यांदा अडखळली. साहेब म्हणाले, वाचून दाखवू का? मी म्हटलं, दाखवा. त्यांनी पूर्ण वाचलं, बाहेर बाकावर सहा माणसं होती.

पथ्याचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलाय. मीठ नाही, लोणचं-पापड नाही, नारळपाणी नाही, केळं नाही. कुळागरात राहणाऱ्या बाईला नारळपाणी नाही, केळं नाही. ती कागद वाचते, रोज नव्याने, आणि रोज नव्याने तिला राग येतो.

परवा सकाळी पेज वाढली. तिने घास घेतला, वाटी सरकवली.

“मीठ ना.”

“डॉक्टरने नको सांगितलंय, आई. मिठाने पाय सुजतात. धाप लागते, गेल्या आठवड्यात रात्री उठून बसावं लागलं होतं बघ.”

तिने पायांकडे बघितलं. घोट्यावर बोटाने दाबलं, खड्डा पडला, तो भरून यायची वाट बघितली.

“तोरां आसात?”

तोरं म्हणजे मिठाच्या पाण्यातली कोवळी कैरी. बरणी वरच्या फळीवर, तिला दिसणार नाही अशी. बायकोने चैत्रात घातलेली. मी म्हटलं, आहेत. नाही म्हणता आलं असतं.

“अर्दें दी.”

बरणी काढली. एक तोर विळीवर मधोमध चिरलं, अर्धं वाटीत ठेवलं, अर्धं बरणीत परत टाकलं. तिने ते धुवायला सांगितलं नाही, मीही धुतलं नाही. कवळीने चावता येत नाही म्हणून ती ते नुसतं चोखत, मधे मधे पेजेचा घोट घेत, पाऊण तास बसली होती.